रोमची दारे आणि आपली कवाडे



राखेच्या बुधवारी वेदीसमोर रांगेत उभे राहून आपण सर्वांनी कपाळावर राख घेतली. त्या वेळी आमच्यापैकी काही जणांच्या डोळ्यांसमोर रोममधली आव्हेंतिन टेकडी आली. त्या टेकडीवर संत सबिनाचे जुने मंदिर आहे. प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या दिवशी पोपमहोदयांनी तिथे मिस्सा अर्पण करून राख द्यावी, अशी परंपरा आहे. २०२५ च्या जुबिली वर्षात आपल्या धर्मग्रामातून आम्ही चौदा जण रोमला गेलो होतो आणि त्या मंदिराच्या दारासमोर बराच वेळ उभे होतो.

परत आल्यापासून अनेकांनी सांगितले, "हकिकत लिहा." काहींना यात्रेला यायचे होते, पण खर्च झेपला नाही. एकीने तर पासपोर्टसुद्धा काढला होता, आणि ऐनवेळी पैसे मुलाच्या ॲडमिशनला गेले. अशा सर्वांसाठी हे पान आधीच लिहायला हवे होते. ते राहून गेले, त्याला एक कारण आहे. तेही पुढे सांगणार आहोत. ते सांगितल्याशिवाय यात्रेची हकिकत पुरी होत नाही.

रोममध्ये पहिल्याच दिवशी आम्हांला वाट दाखवणाऱ्या बाईने विचारले, तुम्ही भारतात कुठले? नेवासा तालुका सांगितला तर तिला काय कळणार? मग आमच्यापैकी एकाने सांगितले, "आमच्या शेजारी शिंगणापूर म्हणून गाव आहे. तिथल्या घरांना दारे नाहीत." तिला ते खरेच वाटेना. चौकट असते, पण कवाड नसते, कडी नसते, कुलूप नसते. फार तर कुत्री-मांजरे आत येऊ नयेत म्हणून एखादी फळी आडवी लावतात, हे तिला समजावून सांगावे लागले. शनिदेवाची शिळासुद्धा उघड्या चौथऱ्यावर आहे, वर छप्पर नाही, हेही सांगितले. २०११ साली तिथे बँकेची शाखा निघाली, तिच्या दारालाही कुलूप नव्हते, हे ऐकल्यावर मात्र ती हसायला लागली आणि म्हणाली, "मग तुम्हांला मी रोमची दारेच दाखवते."

तिने ते थट्टेने म्हटले असेल, पण आम्हांला तो धागा सापडला. पुढचे आठ दिवस आम्ही जिथे गेलो तिथे आधी दार पाहिले.

पण दारांकडे जाण्याआधी एका ढिगाऱ्याविषयी सांगितले पाहिजे. आव्हेंतिन टेकडीच्या खाली, संत पौलाच्या महामंदिराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला, मोंते तेस्ताच्चो नावाची एक टेकडी आहे. सुमारे पस्तीस मीटर उंच. ती टेकडी मातीची नाही, खापरांची आहे. जहाजांतून तेल घेऊन येणारे मोठमोठे रांजण रिकामे झाले की फोडून तिथे रचत. असे काही शतके चालले आणि त्याचा डोंगर झाला. ती खापरे पाहून आमच्यातले एक निवृत्त शिक्षक म्हणाले, "ही तर आपल्याकडेही आहेत!" आणि खरेच आहेत. १९५४ ते १९५६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकळिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेवाशाला प्रवरेच्या काठी उत्खनन केले. त्यात भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्याच्या रांजणांची खापरे सापडली. इसवी सनाच्या पहिल्या शतकात मोसमी वाऱ्यावर जहाजे इजिप्तच्या बंदरांतून निघून भडोचला आणि कल्याणला येत. तिथून माल बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांतून पैठणला, तेरला जाई. त्यातलेच काही रांजण आपल्या प्रवरेच्या काठी उतरले.

म्हणजे बंधू-भगिनींनो, ज्या काळात संत पौल रोममध्ये होता, त्या काळात रोम आपल्यापासून वाटते तितके दूर नव्हते. ज्ञानेश्वर माउलींच्या नेवाशाच्या मातीत रोमचे खापर निघते, ही गोष्ट आपल्या मुलांना शाळेत कोणी सांगत नाही. आपण तरी सांगावी.

आता दारांकडे येऊ.

रोमला जाणारा यात्रेकरू बहुधा मोठी मंदिरे पाहायला जातो. आम्हीही तशाच मनाने गेलो. संत पेत्राचे महामंदिर, संत पौलाचे महामंदिर, लॅटरन, संत मरिया माज्जोरे, ही चार पाहिली आणि त्यांच्या पवित्र द्वारांतून प्रार्थना करीत आत गेलो. परंतु एक गोष्ट आम्हांला तिथे गेल्यावर कळली आणि ती कळल्यावर सगळी यात्राच वेगळी झाली. रोमच्या ख्रिस्तसभेला पहिली जवळजवळ तीनशे वर्षे असे एकही मोठे मंदिर नव्हते. लॅटरनचे महामंदिर हे त्यांतले पहिले. सम्राट कॉन्स्टंटाईनने ३१२ च्या विजयानंतर ती जागा दिली आणि पोप सिल्व्हेस्टर ह्यांनी ३२४ साली त्याचे समर्पण केले, असे मानतात. मग त्याआधी ख्रिस्ती लोक कुठे जमत? घरात जमत. कोणाच्या तरी घरात.

प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक कुठे संपते ते आठवा. मंदिरात संपत नाही, राजवाड्यात संपत नाही. रोममधल्या एका भाड्याच्या घरात संपते. पौल कैदी होता. त्याच्यावर पहारा ठेवलेला शिपाई त्याच्याजवळच राहत असे. भाडे तो स्वतःच भरीत होता. अशा घरात तो पुरी दोन वर्षे राहिला आणि जो जो भेटायला येई त्या सर्वांचे स्वागत करी, असे संत लूक सांगतो. घर स्वतःचे नाही, पाय मोकळा नाही, दाराशी शिपाई बसलेला, आणि तरीही येणाऱ्याला मज्जाव नाही.

त्याच पौलाने आधी रोमकरांस पत्र लिहिले होते. त्याचा सोळावा अध्याय आपण मिस्सात क्वचितच लक्ष देऊन ऐकतो, कारण त्यात नुसती नावे आहेत. ह्याला सलाम सांगा, तिला सलाम सांगा. पंचवीसेक माणसे होतात. त्यांतली कित्येक नावे त्या काळी गुलामांना आणि मुक्त झालेल्या गुलामांना ठेवीत असत. यादीत सर्वांत आधी प्रिस्का आणि अक्विला हे नवरा-बायको येतात. धंदा तंबू शिवण्याचा. सम्राट क्लौद्याने यहुद्यांना रोममधून घालवून दिले, तेव्हा हे दोघे बाडबिस्तरा घेऊन करिंथला गेले, तिथे त्यांनी पौलाला आपल्या घरात ठेवून घेतले, मग इफिसला गेले, मग पुन्हा रोमला आले. जिथे गेले तिथे घर भाड्याचे किंवा उभारलेले, आणि जिथे गेले तिथे त्यांच्या घरी ख्रिस्तसभा जमली. पोटासाठी गाव सोडणारी ही माणसे होती. आव्हेंतिन टेकडीवर संत प्रिस्काचे एक छोटे मंदिर आहे. तिचे घर तिथेच होते, अशी जुनी श्रद्धा आहे. आम्ही गेलो तेव्हा आत दोन म्हाताऱ्या बायका माळ जपत होत्या, यात्रेकरू आम्हीच. मोठ्या महामंदिरात जी शांती मिळाली नाही ती तिथे मिळाली, हे कबूल केले पाहिजे.

कलोसियमपासून जवळच संत क्लेमेंतचे मंदिर आहे. ज्यांना पुढे कधी रोमला जायचा योग येईल त्यांनी हे चुकवू नये. रस्त्यावरून आत गेले की बाराव्या शतकातले मंदिर लागते. तिथून जिना उतरला की चौथ्या शतकातले मंदिर. आणखी खाली उतरले की पहिल्या शतकातली बांधकामे आणि अरुंद गल्ली, तिथे मिथ्र देवाचे भजनगृहही आहे. म्हणजे ज्या गल्लीत आपले लोक जमत असतील, तिथेच भिंतीपलीकडे दुसऱ्या देवाची पूजा चालली होती. रोममध्ये शेजार असाच होता. आपल्याला त्याचे नवल वाटायला नको, आपणही शेजारांतच राहतो. १८५७ साली मुल्लूली नावाच्या आयरिश डोमिनिकन धर्मगुरूंनी हा खालचा भाग शोधून काढला. खोल तळाशी उभे राहिले की भिंतीआडून वाहत्या पाण्याचा आवाज येतो. अंधारात तो आवाज ऐकताना आमच्यातल्या एका आजीने आमचा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "आपलंच पाटाचं पाणी वाटतंय."

चेलियो टेकडीवर संत योहान आणि पौल (हे प्रेषित नव्हेत, चौथ्या शतकातले दोन रक्तसाक्षी) ह्यांच्या मंदिराखाली तर आख्खी घरेच आहेत. १८८७ साली ती सापडली. खालच्या मजल्यावर दुकाने, वर राहण्याच्या खोल्या, भिंतींवर रंगीत चित्रे. त्यांतल्या एका चित्रात हात पसरून प्रार्थना करणारी व्यक्ती आहे. दुकानाच्या मागच्या खोलीत, किंवा जिन्याच्या वरच्या खोलीत जमायचे. घरधनी आपली बैठकीची खोली मोकळी करून देई, खोली पुरली नाही तर आणखी एक. सिरिया देशात दुरा-युरोपोस इथे तिसऱ्या शतकातले असे एक घर खणून काढलेले आहे. त्यात दोन खोल्यांमधली भिंत पाडून साठ-सत्तर माणसे बसतील एवढी जागा केली होती. कोणीतरी आपल्या घराची भिंत पाडली. ते घर कोणाचे होते हे आज कोणालाही ठाऊक नाही.

आपल्या भागातली ख्रिस्तसभासुद्धा अशीच सुरू झाली, हे आपल्यापैकी वयस्करांना सांगायला नको. मिशनरी घोड्यावरून यायचे, तक्क्यात नाहीतर शाळेच्या पडवीत कंदिलाच्या उजेडात प्रार्थना व्हायची. १८९६ आणि १८९९ च्या दुष्काळांत मिशनच्या आवारात ज्यांना आसरा मिळाला, त्यांची नातवंडे-पतवंडे आज ह्या बाकांवर बसलेली आहेत. दगडी मंदिरे, घंटा, कुंपण, लोखंडी गेट हे सगळे नंतर आले.

एका गैरसमजाविषयीही सांगतो. रोमच्या जमिनीखाली मैलोन् मैल भुयारे आहेत. त्यांना कॅटाकोम म्हणतात. छळाच्या काळात ख्रिस्ती लोक ह्या भुयारांत लपून राहत, असे आपण सिनेमात पाहिले, आणि धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवलेसुद्धा. ते तसे नाही. भुयारे ही दफनभूमी होती, आणि ती सर्वांना माहीत असलेली, मोठ्या रस्त्यांच्या कडेची. शहराच्या आत पुरायला कायद्याने बंदी होती. रोमच्या बाहेरचा दगड मऊ, खणायला सोपा, हवा लागली की टणक होणारा. म्हणून खणणाऱ्यांनी खाली खाली मजले काढले. आपिया रस्त्यावरच्या संत कॅलिस्टसच्या भुयारात सुमारे वीस किलोमीटर लांबीच्या वाटा आहेत, चार मजले आहेत. दोन्ही बाजूंच्या भिंतींत फळीसारखे कोनाडे, एकावर एक. एकेका कोनाड्यात एक मनुष्य निजलेला, तोंडाशी कौल किंवा संगमरवराची पाटी. काहींवर नाव, काहींवर मासा, नांगर, नाहीतर कबुतर. लहान मुलांचे कोनाडे फार आहेत. ते पाहताना कोणी बोलेना.

ज्याच्या नावाने हे भुयार ओळखले जाते तो कॅलिस्टस आधी गुलाम होता, खाणीत सक्तमजुरी भोगून आलेला. पोप झेफिरिनस ह्यांनी त्याच्याकडे ह्या दफनभूमीची देखभाल सोपवली, आणि पुढे २१७ साली तो स्वतः पोप झाला. खाणीतला कैदी ते पोप. १८५४ साली दे रोस्सी ह्या संशोधकाने तिथेच तिसऱ्या शतकातल्या नऊ पोपमहोदयांचे दफनस्थान शोधून काढले. २५८ साली सम्राट वालेरियनच्या छळात पोप दुसरे सिक्स्तस ह्यांना अशाच दफनभूमीत भक्तांच्या मधून पकडून नेले व ठार केले. चारच दिवसांनी त्यांचा डिकन लॉरेन्स. त्याला अधिकाऱ्यांनी ख्रिस्तसभेचा खजिना आणायला सांगितला, तेव्हा त्याने गोरगरीब, लंगडे, आंधळे आणून उभे केले, ही कथा आपण दर वर्षी १० ऑगस्टला ऐकतो. ऐकायला ती गोड लागते. पण तिच्यामागचा हिशेब पाहा. लॉरेन्सच्या सातच वर्षे आधी, २५१ साली, पोप कॉर्नेलियस ह्यांनी अंत्युखियाच्या महागुरुस्वामींना पाठवलेल्या पत्रात रोमच्या ख्रिस्तसभेची मोजदाद दिली आहे. इतिहासकार युसेबियसने ती जपून ठेवली. धर्मगुरू ४६, डिकन ७, आणि त्याशिवाय ख्रिस्तसभा जिला रोज पोसत होती अशी विधवा आणि निराधार माणसे १५०० पेक्षा जास्त.

पुन्हा एकदा वाचा. नावाचे म्हणता येईल असे मोठे मंदिर एकही नाही. सरकार विरोधात, आदल्याच वर्षी पोप फाबियन ह्यांचा बळी गेलेला. आणि पानावर जेवणारी माणसे पंधराशे! बांधकाम निधी नव्हता म्हणून पैसा माणसांवर गेला, असे आमच्यातले एक जण जरा तिरकसपणे म्हणाले. आम्ही त्यांना तिथे गप्प केले. घरी आल्यावर मात्र त्यांचे म्हणणे खोडून काढता येईना.

आता संत सबिनाचे ते दार. ते लाकडी आहे आणि सुमारे सोळाशे वर्षांचे आहे. पाचव्या शतकात, साधारण ४३० च्या सुमारास ते घडवले. सुरूच्या लाकडाच्या चौकटींत बायबलमधले प्रसंग कोरलेले आहेत. मूळच्या २८ पैकी १८ चौकटी उरल्या आहेत. वर डाव्या कोपऱ्यात एक लहानशी चौकट आहे. मान उंच करून पाहावी लागते. तिच्यात तीन माणसे हात पसरून उभी आहेत, मधले जरा मोठे. प्रभू येशूला क्रुसावर दाखवणाऱ्या जगातल्या सर्वांत जुन्या कोरीव चित्रांत ह्याची गणना होते. आपल्याला वाटेल, ते चित्र वेदीच्या मागे असावे. ते दारावर आहे. आत येणाऱ्या प्रत्येकाने आधी त्याच्याखालून यायचे.

लॅटरनच्या मधल्या मोठ्या दाराची कथा निराळी. ती काशाची कवाडे मुळात रोमच्या राजसभेच्या इमारतीची होती. सतराव्या शतकात ती तिथून काढून महामंदिराला बसवली. ज्या सभेत सत्ताधीश बसत होते तिची कवाडे आज आपल्या आईच्या घराला आहेत, असे म्हणून आम्ही तिथे फार फोटो काढले. संत पेत्राच्या महामंदिरात पेत्राचा काळा पुतळा आहे, हातात किल्ल्या. त्याच्या उजव्या पावलाला भाविकांचे हात लागून लागून बोटे झिजली आहेत. आम्हीही हात लावला. त्याच्याबरोबरही फोटो काढले.

किल्ल्यांचे हे फोटो छापून घेऊन आम्ही परत आलो. सभागृहात सर्वांना पेढे आणि माळा वाटल्या.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांत गाळप हंगाम सुरू झाला. सोनईच्या कारखान्याच्या पट्ट्यात दर वर्षाप्रमाणे ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्या. आपल्या मिशनच्या आवारापलीकडच्या रानातही एका टोळीने कोप्या घातल्या. पाथर्डी-आष्टीकडची माणसे, सोळा-सतरा कोयते. कोपी म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे. बांबूच्या कमानी, वर पाचट आणि ताडपत्री. पुढे एक भोक, दार नाही. शिंगणापूरच्या घरांना दार नाही ते श्रद्धेने, कोपीला दार नाही ते ऐपत नाही म्हणून. त्या आठवड्यात रात्री दहाच्या सुमारास अवकाळी पाऊस कोसळला. कोप्यांत पाणी शिरले. टोळीत एक आठ दिवसांची बाळंतीण होती. तिचा नवरा आणि आणखी एक जण भिजत आपल्या गेटपाशी आले आणि एका रात्रीसाठी सभागृह मागितले.

सभागृहाला कुलूप होते. किल्ली ज्यांच्याकडे असते ते श्रीरामपूरला लग्नाला गेले होते. दुसरी किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच माहीत नव्हते. मंदिराच्या पडवीला सरकते गेट आहे. दोन वर्षांपूर्वी समया चोरीला गेल्यापासून त्यालाही कुलूप. आम्ही दोन-तीन ठिकाणी फोन केले आणि मग "सकाळी बघू" म्हणालो. हे "आम्ही" म्हणजे पेत्राच्या पावलाला हात लावून आलेले आम्हीच.

तो मनुष्य काही बोलला नाही. बायकोला आणि लेकराला घेऊन तो ट्रॉलीखाली बसला. पाणी खालून वाहू लागले, तसे ते तिथून उठले आणि अंधारात चालत निघाले. शिंगणापूरच्या शिवारातल्या एका वस्तीवरच्या घरात दिवा दिसला. त्या घराला कवाड नव्हते. घरातल्या आजीने हाक ऐकून विचारलेसुद्धा नाही की कोण, कुठले. बाळंतिणीला आत घेतले, शेगडी पेटवली, आपले लुगडे फाडून लेकराला गुंडाळले. तोवर बाळ गारठले होते. नऊ दिवस दवाखान्यात ठेवावे लागले. देवाच्या कृपेने ते वाचले आणि आज खडखडीत आहे. ती आजी दर शनिवारी शनिदेवाला तेल घालते. आम्ही तिला भेटायला गेलो तेव्हा तिने चहा केला आणि म्हणाली, "दार असतं तर उठून उघडावं लागलं असतं. तेवढा तरी येळ वाचला."

हेच ते कारण. रोमची हकिकत लिहायला बसलो की हात थांबत होता.

धर्मग्राम मंडळाच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा सर्वांचे एकमत झाले, असे लिहिणे खोटे होईल. सभागृह घाण होईल, भांडी जातील, एकदा पायंडा पडला की दर वर्षी मागतील, असे काही जणांनी सांगितले. चोरी खरोखर झालेली आहे, ही भीती पोकळ नाही. कोणी विचारले, ती माणसे आपली आहेत का? आणि एका समजूतदार गृहस्थांनी वेगळीच अडचण मांडली. दिवस असे आहेत की गरिबाला मिशनच्या आवारात झोपायला जागा दिली तरी लोक विचारतील, बदल्यात काय घेतले? ह्यावर बराच वेळ बोलणे झाले. शेवटी ठरले की लपवायचे काहीच नाही, म्हणून आधी सांगायचे. सरपंचांना आणि टोळीच्या मुकादमाला जाऊन सांगितले की सभागृहात प्रवचन नाही, प्रार्थना नाही, फक्त निवारा. सरपंचांनी दोन गाद्या पाठवल्या.

"ती माणसे आपली आहेत का?" ह्या प्रश्नावर एवढेच म्हणावेसे वाटते. पौलाच्या भाड्याच्या घरी कोण आपला, कोण परका, हे दाराशी विचारायला फक्त तो शिपाई होता, आणि त्याने कोणाला अडवल्याचे संत लूकने लिहिलेले नाही. राखेच्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी आपण यशया संदेष्ट्याचा उतारा ऐकला. देवाला आवडणारा उपवास कोणता, ह्याचे उत्तर देताना संदेष्टा भाकर वाटण्याबरोबरच बेघराला घरात घेण्याविषयी बोलतो. घरात. त्याने सभागृहसुद्धा म्हटलेले नाही. तिथवर आपण अजून पोहोचलो नाही.

रोमची पवित्र द्वारे जुबिलीच्या अखेरीस एकेक करून बंद झाली. शेवटचे, संत पेत्राच्या महामंदिराचे, ६ जानेवारी २०२६ रोजी. नेहमीच्या क्रमाने पुढची जुबिली पंचवीस वर्षांनी येते. आमच्या चौदा जणांपैकी निम्मे तरी तोवर इथे नसतील. ज्यांना ह्या वेळी जाता आले नाही त्यांनी हळहळू नये. प्रिस्काचे मंदिर आम्ही पाहिले, पण प्रिस्काने जे केले ते करायला पासपोर्ट लागत नाही. तिच्यासारखीच पोटासाठी गाव सोडून आलेली माणसे सध्या कुंपणापलीकडे आहेत, आणि पट्टा पडला की एका दिवसात गाड्या भरून निघून जातील.

तेव्हा प्रायश्चित्तकाळाच्या उरलेल्या आठवड्यांसाठी काही गोष्टी. दर बुधवारी आणि शुक्रवारी क्रुसाच्या वाटेनंतर महिला मंडळ टोळीतल्या मुलांसाठी खिचडी करते. तांदूळ, डाळ, तेल ज्यांना द्यायचे त्यांनी मिस्साआधी स्वयंपाकघरात आणून द्यावे. पैसे नकोत, शिधाच हवा. मुलांचा अभ्यास घ्यायला संध्याकाळी सहा ते साडेसात दोन तरुण येतात, आणखी दोघांची गरज आहे. बाळंतीण आणि तिचे लेकरू सध्या सभागृहाच्या मागच्या खोलीत राहतात. तिथे जाऊन पाहुण्यासारखे चौकशी करावी, गर्दी करू नये, फोटो काढू नयेत. कोणाकडे लहान मुलांचे स्वेटर असतील तर आता द्यावेत, उन्हाळा लागला तरी पहाटे रानात गारठा असतो.

सभागृहाची किल्ली ह्यापुढे कोणाच्याही घरी राहणार नाही. फादरांच्या बंगल्याच्या ओसरीवर, घंटेच्या दोरीशेजारी, खिळ्याला टांगलेली आहे. ओसरीला गेट नाही.